न दिसणारा तडा



नाताळापूर्वी आपल्या महिला मंडळाने चर्चच्या आवारात वापरलेल्या वस्तूंची विक्री भरवली होती, ती आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. कपडे, भांडी, खेळणी, पुस्तके असे बरेच काही लोकांनी आणून दिले होते. जमलेली रक्कम धर्मग्रामातील आजारी व्यक्तींच्या औषधोपचारासाठी द्यायची होती. त्या वस्तूंमध्ये एक तपकिरी रंगाची चामड्याची पर्स होती. आज मी आपल्याशी तिच्याविषयी बोलणार आहे. तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीचा विचार करताना एक प्रश्न समोर आला. तो आपणा सर्वांच्या रोजच्या व्यवहाराला लागू पडतो असे मला वाटते.

आखातात नोकरी करून परतलेल्या एका कुटुंबाने ती पर्स दिली होती. सात-आठ वर्षे ती कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडे प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. पर्सवर पांढरट ठिपके पडले होते, कोपरे घासले होते, रंग विटला होता आणि खांद्यावर घ्यायच्या पट्ट्याला, कडीजवळ तो जिथे वाकतो तिथे, एक आडवा तडा गेला होता. मला तर ती फेकून द्यावी असेच वाटले. पण मंडळातील एक काकू म्हणाल्या, “फादर, चामडं अस्सल आहे. टाकू नका, मी बघते.” लग्नापूर्वी काही वर्षे त्या पर्स बनविण्याच्या कारखान्यात काम करत असत, हे मला तेव्हा कळले.

काकूंची पद्धत

त्यांचे काम मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन पाहिले. आपल्याही घरात अशी एखादी पर्स पडून असेल, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

त्यांनी प्रथम पर्स पूर्ण रिकामी केली आणि अस्तर बाहेर ओढून मऊ ब्रशने झटकले. बुरशी त्यांनी घराबाहेर, वाऱ्यावर पुसली, म्हणजे ती घरातल्या इतर वस्तूंवर उडत नाही. मग ओलसर, अगदी घट्ट पिळलेल्या फडक्याने वरचा मळ काढला. चामड्याचा साबण लावला तोही आधी तळाच्या एका कोपऱ्यावर, जिथे कुणाचे लक्ष जात नाही तिथे. रंग निघत नाही याची खात्री झाल्यावरच बाकीच्या भागाला हात लावला. पर्समध्ये कोऱ्या कागदाचे बोळे भरून, आकार नीट बसवून त्यांनी ती दोन दिवस सावलीत वाळत ठेवली. उन्हात ठेवली नाही, कारण कडक उन्हाने किंवा विस्तवाच्या धगीने ओले चामडे आखडते आणि ताठ होते.

मी विचारले, “खोबरेल तेल लावणार का?” त्या हसल्या. आपल्याकडे जुन्या चामड्याला खोबरेल तेल चोपडण्याची सवय आहे. पण त्याने रंग काळपट पडतो, जास्तीचे तेल आत मुरून खवट होते आणि धूळ चिकटते ती वेगळीच. चामड्यासाठी मिळणारे क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन, पातळ थर देऊन, चार-पाच तास मुरू द्यायचे आणि कोरड्या फडक्याने पुसायचे, असे त्यांनी तीन वेळा केले. आधी निस्तेज दिसणारे चामडे हळूहळू हाताला मऊ लागू लागले. सुटलेली शिवण त्यांनी जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घातली. नवी भोके पाडली की चामडे तिकिटासारखे फाटते, असे त्या म्हणाल्या.

शेवटी उरला तो तडा. त्यात त्यांनी भरण भरले, वाळल्यावर बारीक कागदाने घासून सपाट केले आणि मिळताजुळता रंग दिला. पट्टा हातात घेऊन मी उजेडात पाहिला. तडा कुठे होता हे मला सांगता येईना.

चामडे ‘कमावणे’

इथे चामड्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावर अवलंबून आहे. कच्चे कातडे तसेच ठेवले तर सडते. ते सडू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला मराठीत ‘कातडे कमावणे’ म्हणतात. आपण पैसा कमावतो, नाव कमावतो, तसेच कातडेही कमवावे लागते. मेहनतीशिवाय ते टिकत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावले जाते. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत 19व्या शतकात निघाली. 1884 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्त्झ यांनी तिचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. आज बाजारातील बहुतेक पर्सेस याच पद्धतीच्या चामड्याच्या असतात.

पण कोणत्याही रीतीने कमावले तरी चामडे म्हणजे मुळात एका जनावराची त्वचा. तिच्यात तंतूंची दाट वीण असते आणि त्या विणीमुळेच चामड्याला बळ येते. जनावर जिवंत असते तेव्हा त्वचेला जखम झाली तर ती आपोआप भरून येते. कमावलेल्या चामड्याचे तसे नाही. तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. तडा भरता येतो, रंगवता येतो, सांधता मात्र येत नाही. भरणाने रेघ झाकली जाते. ओझे मात्र उरलेल्या तंतूंनाच उचलावे लागते.

काकूंना हे चांगलेच ठाऊक होते. विक्रीच्या आदल्या संध्याकाळी वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावताना त्यांनी मला विचारले, “फादर, पट्ट्याचं घेणाऱ्याला सांगायचं ना?”

मी म्हणालो, “कशाला? आता ओळखूसुद्धा येत नाही. आणि पैसे आपल्या खिशात थोडेच जाणार आहेत? आजाऱ्यांसाठीच आहेत ना!”

काकू गप्प बसल्या. पर्सला मी 1,200 रुपयांची चिठ्ठी लावली. पहिल्या तासाभरातच ती विकली गेली.

तिने तक्रार केली नाही

पर्स घेतली ती आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणीने. तिला नुकतीच मुंबईत नोकरी लागली होती आणि रोज गाडीने जावे-यावे लागत होते. तीन आठवड्यांनी, रविवारच्या मिस्सानंतर ती मला भेटायला आली. गाडीतून उतरताना गर्दीत पट्टा तुटला, पर्स फलाटावर आपटली आणि आतला मोबाइल फुटला. हे तिने सहज सांगावे तसे सांगितले. मग म्हणाली, “फादर, त्या काकू दुरुस्ती फार छान करतात म्हणे. पट्टा शिवून देतील का? मी पैसे देईन.”

ती माझ्यावर रागावली असती तर मी स्वतःचा बचाव केला असता. जुनीच वस्तू होती, बघून घ्यायची होती, असे काहीतरी बोललो असतो. पण ती रागावली नाही. आपण फसवले गेलो आहोत हे तिच्या गावीही नव्हते. “बघतो” असे म्हणून मी साक्रिस्तीत शिरलो, आणि त्या दिवशी दुपारी जेवण गोड लागले नाही.

सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानाच्या वर्गात हाच प्रश्न आम्ही शिकलो होतो. परीक्षेत त्याचे उत्तर लिहून मी चांगले गुणही मिळवले होते. इ.स.पू. 44 मध्ये रोमन विचारवंत सिसेरो यांनी आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एका व्यापाऱ्याचा दाखला येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन तिथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते लोकांना सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? यावर दोन तत्त्वज्ञांचे मत वेगळे पडते. डायोजिनिस म्हणतो, लपवणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला ठाऊक नाही असे काहीही विकणाऱ्याने हातचे राखू नये. सिसेरो स्वतः व्यापाऱ्याने गप्प राहू नये या बाजूचे आहेत.

13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न पुन्हा हाताळला. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे का, असा थेट प्रश्न त्यात विचारला आहे. त्यांचे उत्तर व्यवहारी माणसाचे आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असेल आणि किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर तो तोंडाने सांगण्याची सक्ती नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा चपळ म्हणून किंवा पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकणे हा अन्याय आहे.

आता आपली पर्स घ्या. देणगी म्हणून ती आली तेव्हा तिचा तडा कुणालाही दिसत होता. तो एका डोळ्याच्या घोड्यासारखा उघड दोष होता. त्या अवस्थेत ती 300 रुपयांना विकली असती तर मला एक शब्दही बोलावा लागला नसता. दुरुस्तीने काय केले? उघड दोष झाकलेला दोष झाला. तडा होता तिथेच राहिला, फक्त घेणाऱ्याच्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला. म्हणजे सांगण्याची जबाबदारी दुरुस्तीनेच निर्माण केली. आणि दुरुस्ती जितकी सफाईदार, तितकी ती जबाबदारी मोठी. हे मला पुस्तकात कुठे वाचल्याचे आठवत नाही. ते मला त्या तुटलेल्या पट्ट्याने शिकवले.

काही आक्षेप

कुणी म्हणेल, मग दुरुस्ती करूच नये काय? तसे मुळीच नाही. कोरडे चामडे मऊ करणे, शिवण घट्ट करणे, कोपऱ्यांना रंग देणे यांत वस्तू खरोखरच सुधारते, तिचे आयुष्य वाढते. काकूंनी पर्सचे जे केले त्यातले नव्वद टक्के असेच होते. ज्या जनावराचे ते कातडे, ज्यांनी ते कमावले, कापले, शिवले, त्या सगळ्यांच्या वाट्याचे काहीतरी त्या वस्तूत असते. ती उगाच कचऱ्यात जाऊ न देणे हे चांगलेच काम आहे. प्रश्न फक्त त्या एका जागेचा आहे, जिथे वस्तू सुधारली नाही आणि सुधारल्यासारखी दिसली.

दुसरा आक्षेप असा की, सगळेच सांगत बसलो तर विक्री कशी व्हायची? पण सगळे सांगायचे नसतेच. अस्तराच्या आत शाईचा डाग आहे, त्याने कुणाचे काही अडत नाही. पट्टा मात्र ओझे उचलतो. तसेच वरून चामड्यासारखे दिसणारे पण पॉलियुरेथेनचा थर दिलेले कापड. आपल्या दमट हवेत तो थर काही वर्षांत पापुद्रे होऊन सुटतो आणि कोणतेही क्रीम त्याला वाचवू शकत नाही. ते ‘लेदर’ म्हणून विकू नये. ज्यावर वस्तूची किंमत आणि उपयोग अवलंबून आहे, ते सांगावे.

आणि काही गोष्टी तर सांगूच नयेत. त्या पर्सच्या आतल्या चोरकप्प्यात काकूंना एका दवाखान्याची जुनी चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर काय लिहिले होते हे त्यांनी मलाही सांगितले नाही. ती पाकिटात बंद करून त्यांनी मूळ मालकिणीच्या घरी गुपचूप पोहोचवली. त्यांचे हे गप्प राहणे आणि माझे गप्प राहायला सांगणे, दोन्ही वरवर सारखेच. पण काकूंच्या गप्प राहण्याने एका व्यक्तीची अब्रू राखली गेली, माझ्या गप्प राहण्याने 1,200 रुपयांची चिठ्ठी राखली गेली. वस्तूचे दोष सांगावेत, माणसाची दुःखे झाकावीत, एवढा विवेक काकूंना कुणी शिकवावा लागला नाही.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच होता आणि तोच सर्वांत फसवा आहे. पैसे आजाऱ्यांसाठी होते! मित्रहो, स्वतःच्या लाभासाठी खोटे बोलताना माणसाला निदान टोचणी तरी लागते. चांगल्या कामासाठी गप्प बसताना ती टोचणीही लागत नाही. उलट आपण काहीतरी त्याग करत आहोत असे वाटते. पण तो त्याग माझा कुठे होता? आजाऱ्यांच्या औषधाला त्या तरुणीने न कळता 1,200 रुपयांपेक्षा अधिक दिले, तिच्या फुटलेल्या मोबाइलसकट. दान हे देणाऱ्याने जाणून-बुजून द्यायचे असते. न विचारता तिच्याकडून काढून घेतलेल्या रकमेला मी दान म्हणत होतो.

नवा पट्टा

पुढच्या रविवारी मी तिला बोलावले आणि सगळे सांगितले. तडा होता, मला माहीत होते, काकू सांगणार होत्या, मीच नको म्हटले. पैसे परत करू लागलो तर तिने घेतले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “फादर, मी पर्स घेतलीच असती. फक्त डबा आणि पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत ठेवली असती.”

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. खरे सांगितले तर विक्री होणार नाही, अशी मला भीती होती. प्रत्यक्षात खरे कळले असते तर तिने वस्तू घेतलीही असती आणि जपून वापरलीही असती. दोष माहीत असलेल्या वस्तूची काळजी घेता येते. न सांगितलेल्या दोषाची काळजी कोण घेणार?

मी आणि ती पर्स घेऊन स्टेशनजवळ बसणाऱ्या चर्मकार दादांकडे गेलो. त्यांनी पट्टा दोन्ही हातांत धरून वाकवला आणि लगेच म्हणाले, “याला सोल्युशन लावून उपयोग नाही. मी चिकटवून देईन, तुम्ही पैसे द्याल, महिन्यात पुन्हा तुटेल. नवा पट्टा घाला.” धारावीहून आणलेल्या चामड्याची एक वादी त्यांच्याजवळ होती, पण रंग पर्सपेक्षा बराच गडद होता. “रंग जुळणार नाही, आधीच सांगतो,” ते म्हणाले. तिने हरकत नाही म्हटल्यावर रापीने पट्टा कापून, आरीने भोके पाडून, दुहेरी टाका घालून त्यांनी अर्ध्या तासात पर्स तिच्या हातात दिली. 250 रुपये घेतले. पूर्ण धंद्यात न बोलण्याने ज्याचा फायदा झाला असता असा माणूस फूटपाथवर बसून दोन वेळा आपणहून खरे बोलला होता, आणि मी, ज्याला त्या विषयाची पदवी आहे, तो शेजारी उभा होता.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र यापो येथे शिमोन नावाच्या चर्मकाराच्या घरी बरेच दिवस राहिल्याचा उल्लेख आहे. त्या काळी मेलेल्या जनावरांशी आणि दुर्गंधीशी येणाऱ्या संबंधामुळे कातडे कमावणाऱ्यांना लोक कमी लेखत. आपल्या समाजानेही या कामाला आणि ते करणाऱ्यांना शतकानुशतके दूर बसवले. पेत्र त्या घरात काय शिकला हे तिथे लिहिलेले नाही. मी त्या फूटपाथवर काय शिकलो ते मात्र आपल्याला सांगितले.

प्राचीन अथेन्सच्या लोकांनी थिसिअसचे जहाज जपून ठेवले होते, अशी हकिकत प्लुटार्क सांगतो. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. मग जहाज तेच राहिले की बदलले, यावर तत्त्वज्ञ वाद घालत. त्या पर्सलाही आज मूळचा पट्टा नाही. ती तीच पर्स आहे का, हे वर्गात चर्चेला ठीक आहे. पण तिच्याकडे पाहणाऱ्याला एका नजरेत कळते की पट्टा नंतर घातलेला आहे, कारण रंग वेगळा आहे. ती तरुणी अजून ती पर्स घेऊन मिस्साला येते. डबा आता तिच्यातच असतो.

महिला मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की पुढच्या विक्रीत प्रत्येक वस्तूवर किमतीच्या चिठ्ठीखाली आणखी एक ओळ लिहायची : काय दुरुस्त केले आहे आणि काय होऊ शकलेले नाही. रक्कम कदाचित थोडी कमी जमेल. जी कमी पडेल तिच्यासाठी आपण वेगळी थाळी फिरवू, म्हणजे ज्याला द्यायचे आहे तो जाणून देईल.

चिठ्ठ्या लिहायचे काम मी काकूंकडे सोपवले आहे.

आपला,
धर्मगुरू